जागली

आमच्या गावात फुटबॉल आला तो सरकारी कागदावरून. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरायची होती. त्यानिमित्त १५ सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा संकल्प शासनाने सोडला आणि शाळाशाळांना चेंडू वाटले. मी तेव्हा सहावीत होतो. केनवडच्या पोरांना कबड्डी ठाऊक, क्रिकेट ठाऊक. पायाने खेळायचा चेंडू मात्र आम्ही टीव्हीवरच पाहिलेला. मैदान आखलेले नव्हते, गोलाचे खांब नव्हते. गुरुजींनी दोन्ही टोकांना दोन-दोन दप्तरे ठेवली, शिट्टी फुंकली आणि साठ-सत्तर पोरे एका चेंडूच्या मागे धावत सुटली. झाडावरून कोणी पाहिले असते, तर मोहोळ उठले आहे असेच त्याला वाटले असते.

माझ्या चपलेचा अंगठा नेमका त्याच दिवशी तुटला होता. अनवाणी धावलो तर काटे टोचतील म्हणून मी मागे, दप्तरांपाशी उभा राहिलो. शिवाय त्या चार दप्तरांत एक माझेही होते! चेंडू एकदाच माझ्याकडे आला. मी डोळे मिटून लाथ मारली आणि तो आला होता तिकडेच परत गेला. गुरुजी हसत म्हणाले, ‘‘हा पोरगा बरा दप्तरं राखते.’’ पुढे कॉलेजात आल्यावर समजले, की या कामाला बचाव म्हणतात आणि ते करणाऱ्याला बचावपटू.

आज ज्या माणसाविषयी लिहायचे मनात आहे, तोही राखण करणाराच. त्याचे नाव महेश गवळी. मागच्या आठवड्यात मी वर्गात सहज विचारून पाहिले, की हे नाव किती जणांनी ऐकले आहे? कोणीच हात वर केला नाही. मागच्या बाकावरून एकाने मात्र विचारले, ‘‘कोणत्या डेअरीचा?’’

मलाही हे नाव ठाऊक नव्हते. ते कळले ती तारीख पक्की आठवते : ४ जुलै २०२३. त्या वर्षी पाऊस आमच्याकडे उशिरा आला. जूनच्या अखेरीस पेरण्या झाल्या आणि सोयाबीन नुकतेच मातीबाहेर डोके काढू लागले होते. हे दिवस शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारे असतात. रानडुकरे पेरलेले दाणे उकरून काढतात आणि उगवलेली कोवळी पाने हरणांचा कळप रातोरात खुडून नेतो. दुबार पेरणीचा खर्च कोणी द्यायचा? म्हणून जागलीला जावे लागते. आमच्या काही प्राध्यापकांना हा शब्द नवा असेल. जागल म्हणजे पिकाची रात्रीची राखण, आणि ती करणारा तो जागली. मी अकरावी पास होऊन बारावीत गेलो होतो. बाबांसोबत माळ्यावर मी होतो, माझा चुलतभाऊ होता, एक बॅटरी होती, वाजवायला पत्र्याचा रिकामा डबा होता आणि चुलतभावाचा मोबाईल होता. गावात कोठेही न सापडणारी रेंज त्या माळ्यावर मात्र बऱ्यापैकी मिळे.

मोबाईलवर सामना चालू होता. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर सॅफ स्पर्धेचा, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेचा, अंतिम सामना. भारत विरुद्ध कुवेत. कुवेतने चौदाव्या मिनिटालाच गोल केला. मध्यंतरापूर्वी छांगतेने बरोबरी साधली. पुढे चेंडू नुसताच इकडून तिकडे. समालोचक पुनःपुन्हा सांगत होता, की भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅच आज मैदानाच्या कडेला नाहीत. संघाची सूत्रे सहायक प्रशिक्षक महेश गवळी यांच्याकडे आहेत.

बाबांनी कान टवकारले. ‘‘गवळी? आपल्या इकडचा काय रे?’’

‘‘गोव्याचा आहे, बाबा.’’

‘‘मंग त्याचा साहेब कोठी गेला?’’

मी सांगितले, की साहेबांनी पाकिस्तानच्या सामन्यात समोरच्या खेळाडूच्या हातातला चेंडू उडवून लावला, तेव्हा पंचांनी लाल कार्ड दाखवले. एक सामना बाहेर बसून ते परत आले, तो कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यात पुन्हा लाल कार्ड. आता उपान्त्य आणि अंतिम, दोन्ही सामने त्यांना बंदी.

बाबा खदखदून हसले. ‘‘म्हंजे साहेब भांडून बाहेर, अन् जागलीले हा!’’

जादा वेळ संपला. एक-एक अशी बरोबरी कायम होती. पेनल्टी किक सुरू झाल्या आणि मोबाईलच्या पडद्यावरचे चक्र फिरू लागले. चित्र हले ना. इतक्यात धुऱ्याकडून कुत्री भुंकली. बाबा डबा घेऊन झटकन खाली उतरले आणि अंधारात ‘हो हो’ करीत पळाले. बॅटरीच्या उजेडात दहा-बारा डोळे चमकले नि गेले. आम्ही दोघे माळ्यावर त्या फिरत्या चक्राकडे पाहत बसलो. भारत पाच-चार असा जिंकला. सहाव्या फेरीत महेश सिंगने चेंडू जाळ्यात धाडला आणि गुरप्रीतने कुवेतच्या कप्तानाची किक अडवली. आम्हाला हे सगळे झाल्यावर पाच मिनिटांनी कळले. बाबा परत आले तेव्हा चिखलाने गुडघ्यापर्यंत माखले होते. त्यांनी तीन तासे उखडली गेल्याचे सांगितले आणि डोक्यावर घोंगडी घेऊन झोपले.

नंतर मी या गवळीविषयी मिळेल तेथे वाचू लागलो. (वयाने तो माझ्या बाबांच्या जोडीचा, जन्म १९८० चा, पण खेळाडूला अरे-तुरे म्हणण्याची आपली रीतच आहे, ती मी पाळतो.) गोव्याचा हा मुलगा फुटबॉल शिकायला जमशेदपूरला गेला. तिथे १९८७ पासून टाटा फुटबॉल अकादमी आहे. मुलांची राहण्या-जेवण्याची सोय करून त्यांना घडवायचे, अशी ती व्यवस्था. गोव्याहून जमशेदपूर म्हणजे देशाच्या एका किनाऱ्यावरून जवळजवळ दुसऱ्या किनाऱ्याला. केनवडहून वाशीमला खोली करून राहिलो तेव्हा पहिले आठ दिवस मी रात्री कूस बदलत होतो, तर त्या पोराचे काय झाले असेल, असे मनात येते. मासे-भात खाणारा पोर पोलादाच्या गावी!

पुढे गोव्याचा चर्चिल ब्रदर्स, कलकत्त्याचा ईस्ट बंगाल, मग गोव्याचाच डेम्पो अशा मोठ्या संघांतून तो खेळला. २००३ साली ईस्ट बंगालने जकार्ताला जाऊन आसियान क्लब स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासना संघाला तीन-एक असे हरवले. गोल कोणी केले? ओकोरोने, बायचुंग भुतियाने आणि अल्विटो डिकुन्हाने. ही तीन नावे आजही कोणीही फुटबॉलवेडा बंगाली घडाघडा सांगेल. त्या संघाच्या बचावात गवळी होता. २००७ साली दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताने सीरियाला एक-शून्य हरवून नेहरू चषक प्रथमच जिंकला. गोल प्रदीपचा. त्याही संघाच्या बचावफळीत गवळी होता. आणि डेम्पोने २००५ ते २०१२ या काळात देशाचे अजिंक्यपद पाच वेळा मिळवले. त्या सुवर्णकाळाच्या गोष्टीत प्रशिक्षक आर्मांडो कुलासो आणि गोल करणारा रँटी मार्टिन्स यांची नावे आधी येतात. गवळी, समीर नाईक ही मागे उभ्या राहणाऱ्यांची नावे नंतर, सवडीने.

मला या ‘नंतर’चे फार वाटते. गोल करणाऱ्याचा हिशेब राहतो : अमुक सामने, तमुक गोल. जो गोल झालाच नाही त्याची नोंद कोण करणार, आणि कोणत्या वहीत? कबड्डीत तरी बरे. चढाईवर आलेल्या गड्याचा घोटा कोपऱ्यावरच्या खेळाडूने पकडला, की पंच तिथल्या तिथे गुण देतो, लोक टाळ्या पिटतात. फुटबॉलमधल्या बचावपटूने दहा वेळा चेंडू काढला तर फळ्यावर शून्याचे शून्यच. अकराव्या वेळी चुकला, तर मात्र त्याचे नाव फळ्यावर लागते. सोयाबीन उभे राहिले की गावकरी पावसाचे आभार मानतात. जागल्याला ‘शाबास’ म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही.

त्याच सॅफ स्पर्धेत एक गोष्ट घडली. कुवेतविरुद्धचा साखळी सामना भारत एक-शून्य जिंकत आलेला. नव्वद मिनिटे होऊन गेली, आणि भारताच्याच अन्वर अलीच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. याला स्वयंगोल म्हणतात. अन्वर अली म्हणजे बचावपटू, हे सांगायला नकोच. अंतिम सामन्यात तोच कुवेत समोर होता आणि अन्वर पुन्हा बचावात उभा होता. संघाच्या कडेला त्या रात्री ज्याचा शब्द चालत होता, तो स्वतः जन्मभर त्याच जागेवर खेळलेला माणूस होता. त्या दोघांत काय बोलणे झाले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. त्याला कारण आहे.

कारण सांगायचे म्हणजे माझी स्वतःची फजिती सांगायची. पण वार्षिकांक आपला घरचाच आहे.

मागच्या वर्षी मी कॉलेजच्या संघात होतो. गुणवत्तेमुळे होतो असे म्हणवत नाही. अकरा जण जमवता जमवता सरांच्या नाकी नऊ येतात. एकाची परीक्षा, एकाच्या घरी लग्न, एक पोलीस भरतीच्या क्लासला. जी जागा रिकामी तिथे मी. डावीकडे खेळलो, उजवीकडे खेळलो, मध्ये खेळलो, एकदा तर गोलरक्षकाला ताप आला म्हणून हातमोजे घालून खांबांतही उभा राहिलो. सर मला ‘रिकाम्या जागा भरा’ म्हणत. मला त्याचा अभिमान होता. घरी मी याहून मोठे सांगून ठेवले होते. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक आहे. ते कोणत्या पातळीच्या खेळाडूला मिळते, हे मात्र मी कोणाला नीट सांगितले नव्हते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बी.ए. होऊन काय होणार, या प्रश्नाला माझ्याजवळ फुटबॉल हे एक उत्तर होते.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्या दिवशी मी उजव्या बाजूला होतो. शून्य-शून्य चालले होते. शेवटची दहा मिनिटे उरली असतील. डावीकडून चेंडू उंच आला. तो काढायचाच या जिद्दीने मी पाय टाकला. चेंडू नडगीवर आदळला आणि आमच्याच गोलरक्षकाच्या बगलेखालून आत गेला. सगळे मैदान क्षणभर चिडीचूप. मग समोरच्यांचा जल्लोष. आम्ही एक-शून्य हरलो. परतीच्या एसटीत कोणी बोलले नाही. वाटेत एका स्टँडवर सरांनी भजी घेतली आणि पहिला कागद माझ्या हातात दिला. मला एकही भजे गिळवले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मराठी वाङ्मयवाल्या मित्रांनी माझे नाव ‘स्वयंसिद्ध’ ठेवले. ते आजही चालू आहे.

यंदा पहिल्या वर्षाला दोन चांगले खेळाडू आले. एक अकोल्याकडून खेळून आलेला आहे. त्याचे पाय पाहिले की आपण आजवर जे करत होतो ते काय होते, असा प्रश्न पडतो. ऑगस्टमध्ये सरांनी मला बोलावले. म्हणाले, ‘‘तू राखीव राहा. आणि सकाळी या नव्या पोरांना तू घे. तू सगळ्या जागांवर खेळला आहेस, तुला सांगता येईल.’’ मी ‘हो सर’ म्हटले आणि खोलीवर येऊन बूट पलंगाखाली सरकवले. माझ्या कानांनी एवढेच ऐकले, की मला संघातून काढले, आणि काढताना वर हे गोड बोट लावले. पंधरा दिवस मी मैदानाकडे फिरकलो नाही. सरांना चुकवायला ग्रंथालयाच्या मागच्या दाराने जाऊ लागलो. राखीव खेळाडूला प्रमाणपत्र मिळते का, हेही एकाला हळूच विचारून पाहिले.

सोयाबीनची सोंगणी आली म्हणून घरी गेलो. दिवसभर विळा चालवून हाताला फोड आले. सोंगलेल्या पिकाच्या सुड्या राखायला रात्री बाबांसोबत शेतात निजलो. थंडी नव्हती, पण दव पडत होते. बाबा बराच वेळ विडी ओढत होते. मध्येच त्यांनी विचारले,

‘‘त्या रात्री कोण जितलं होतं रे?’’

‘‘कोणत्या रात्री?’’

‘‘तो गवळी उभा होता ते. हरणं आली होती पाय.’’

दोन वर्षे होऊन गेली होती! त्या रात्री ते हरणांमागे गेले आणि निकाल त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. मला वाटले होते चुलतभावाने सांगितला असेल, त्याला वाटले मी. मी म्हटले, ‘‘आपण जितलो, बाबा. पाच-चार.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले आणि विडी विझवून आडवे झाले.

मला झोप आली नाही. गवळीने त्या स्पर्धेत कडेला उभे राहून तीन सामने काढले. नेपाळला दोन-शून्य हरवले, लेबनॉनला पेनल्टीवर चार-दोन आणि मग कुवेत. बंदी संपताच साहेब आपल्या जागी परत आले आणि गवळी पुन्हा सहायक झाला. विजयाच्या नोंदीत प्रशिक्षकाच्या नावापुढे अर्थातच स्टिमॅच. माझ्यासारखा असता तर बूट पलंगाखाली टाकून बसला असता. पण त्याला जमशेदपूरपासूनच सवय असावी. गोव्याचेच डेरिक परेरा हेही भारताकडून खेळलेले बचावपटू. त्यांनी प्रशिक्षक म्हणून मुंबईच्या महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली, पुढे पुणे एफ.सी. सांभाळला. समीर नाईकही खेळ थांबवून डेम्पोचाच प्रशिक्षक झाला. मला वाटते, मागे उभ्या असलेल्याला सगळे मैदान दिसते. पुढे धावणाऱ्याला फक्त जाळे दिसते. हे माझे मत झाले. सरांना विचारले तर ते म्हणतील, आधी दोन मैल पळून ये, मग मत सांग.

वाशीमला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मैदानावर गेलो. सर तिथेच होते. मी का आलो नाही हे त्यांनी विचारले नाही. खिशातून शिट्टी काढून दिली एवढेच.

आता रोज चौदा मुले येतात. एक तांड्यावरचा आहे, वाऱ्यासारखा पळतो. त्याला गोलच करायचा असतो, मागे थांब म्हटले की त्याचे तोंड उतरते. एक सारखा बुटाची नाडी बांधत असतो. चेंडू जवळ आला की हटकून त्याची नाडी सुटते. मी त्यांना शिकवतो ते फार थोडे आहे. चेंडूकडे पाहू नका, चेंडूवाल्याच्या कमरेकडे पाहा. पाय टाकायची घाई करू नका. आपल्या गोलासमोरून चेंडू आडवा देऊ नका. नडगीने चेंडू काढू नका, हे मी अधिक जोर देऊन सांगतो. तेव्हा मागे बसलेले माझे मित्र ‘स्वयंसिद्ध’ म्हणून ओरडतात आणि मुलेही हसतात.

मागच्या महिन्यात आमचा एका संघाशी सरावाचा सामना झाला. पहिल्या वर्षाची मुले खेळली, मी रेघेच्या बाहेर उभा होतो. रेघेच्या बाहेर उभे राहणे इतके अवघड असेल याची मला कल्पना नव्हती. आत असताना पाय तरी हलवता येतात. दुसऱ्या सत्रात नाडीवाल्या मुलाच्या पायाला लागून चेंडू आमच्याच गोलात गेला. अगदी माझ्यासारखा, फक्त नडगीऐवजी टाच. तो तिथेच उकिडवा बसला आणि त्याने नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. सगळ्या मुलांनी माझ्याकडे पाहिले. गवळी अन्वरला काय म्हणाला असेल, ते मला तेव्हा फार निकडीने हवे होते. मी नुसते ओरडलो, ‘‘ऊठ, त्यांचा डावा गडी मोकळा आहे!’’ तो उठला आणि डाव्या गड्यामागे गेला. आम्ही दोन-एक हरलो. सामन्यानंतर मी त्याच्या शेजारी बसलो होतो. नीट काय बोलावे ते मला अजूनही सापडलेले नाही.

रात्री बाबांचा फोन आला. त्यांना खेळातले फारसे कळत नाही. ते नेहमी एकच विचारतात.

‘‘आज कोठी उभा होता?’’

‘‘रेघेच्या बाहेर,’’ मी म्हटले.

थोडा वेळ फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. ते शेतातच असावेत. हरभऱ्याचे दिवस आहेत. मग त्यांनी विचारले,

‘‘एसटीतून डब्बा भेटला का?’’